चाकांच्या खुर्चीचा तोल

चाकांच्या खुर्चीत बसणाऱ्याचा बहुतेक भार मागच्या मोठ्या चाकांवर असतो. मंचरच्या बाजारात बटाट्याची जड पिशवी खुर्चीच्या पाठीला लटकवली, की चढावर खुर्ची मागे उलटू शकते. डोके आपटते. ओझे दुसऱ्याच्या हाती द्या. चढताना अंग पुढे झुकवा. उतरताना धरणाऱ्याने खुर्ची उलटी फिरवावी, आपण खालच्या बाजूला राहावे अन् हळूहळू उतरवावी.

आमच्या जुन्नर-आंबेगावात घरांची जोती उंच. एक हात उंचीला बारा हात लांब उतार बांधावा. एवढी जागा कुठे, असे लोक विचारतात. आम्ही म्हणतो, मध्ये सपाट जागा सोडा आणि वळवून बांधा.

खाटेवर जाताना आधी दोन्ही ब्रेक लावा. पाय ठेवायच्या पट्टीवर उभे राहू नका. खुर्ची पुढे पालथी होते.