थोडे करावे, दाखवावे, सुधारावे

आमच्या छत्रपती संभाजीनगराहून सुमारे ३० किलोमीटरांवर वेरूळचे कैलास लेणे आहे. आठव्या शतकात, राष्ट्रकूटांच्या काळी, कारागिरांनी ते डोंगराच्या माथ्यापासून खाली खोदीत आणले, हे आमच्या विद्यार्थ्यांनी इतिहासात वाचलेच आहे. या कामाचा विशेष असा की, एकदा फोडलेला दगड पुन्हा जागी बसविता येत नाही. म्हणून शिखरावर पहिली छिन्नी लावण्यापूर्वीच खाली कोठे हत्ती व कोठे खांब राखावयाचे, हे ठरविणे भाग होते. अशा कामात आधी संपूर्ण आराखडा व मग कृती, हाच मार्ग होय.

परंतु मनुष्याची सर्वच कामे पाषाणाची नसतात. संगणकास ज्या लेखी आज्ञा देतात, ज्यांस आपण सॉफ्टवेअर म्हणतो, त्या काल लिहिल्या तरी आज बदलता येतात. असे असूनही पुष्कळ वर्षे सॉफ्टवेअर लेण्याप्रमाणेच रचीत असत. प्रथम सर्व मागण्या लिहून घ्यावयाच्या, मग आराखडा, मग रचना, मग तपासणी, आणि वर्षा-दोन वर्षांनी पूर्ण वस्तू गिऱ्हाइकाच्या हाती. पाणी वरून पडते, पण परत वर चढत नाही. तसा हा क्रम असल्यामुळे त्यास ‘धबधबा पद्धत’ असे नाव पडले. १९७० साली विन्स्टन रॉइस या अमेरिकन तज्ज्ञाने आपल्या निबंधात असा क्रम आकृतीने दाखविला. परंतु तपासणी अगदी शेवटी ठेवणे धोक्याचे आहे, हेही त्याने तेथेच सांगितले होते. लोकांनी आकृती उचलली आणि इशारा मागे राहिला.

या पद्धतीचा मुख्य दोष असा की, ज्याच्यासाठी वस्तू करावयाची त्यालाच आपणांस नेमके काय हवे हे वस्तू वापरीपर्यंत पुरते कळत नाही. आमच्या शेतकरी पालकांच्या परिचयाचे उदाहरण घेऊ. सातबाऱ्यावरील पिकाची नोंद पूर्वी तलाठी करीत असत. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रभर ‘ई-पीक पाहणी’ सुरू झाली आणि शेतकऱ्याने स्वतःच मोबाइलवर पीक नोंदवून त्याचे छायाचित्र पाठवावे असे ठरले. पुढच्या वर्षी, ऑगस्ट २०२२ मध्ये, त्याची सुधारलेली दुसरी आवृत्ती आली. छायाचित्र त्याच शेतातून घेतले की नाही हे गटाच्या मध्यबिंदूपासूनच्या अंतरावरून कळावे, आणि नोंद चुकल्यास शेतकऱ्यास ४८ तासांच्या आत ती स्वतः दुरुस्त करता यावी, अशा सोयी तीत केल्या. पीक चुकीचे नोंदले गेले तर अतिवृष्टीच्या वर्षी मदत मिळताना त्या कुटुंबास किती त्रास पडेल, हे आमच्या मराठवाड्यास सांगावयास नको. बोट चुकीच्या जागी पडू शकते, ही साधी गोष्ट कचेरीतील कागदापेक्षा बांधावरील वापराने लवकर कळते. एवढ्याने सर्व तक्रारी मिटल्या असे आम्ही म्हणत नाही. पण वापरून पाहणे व सुधारणे या क्रमाचे मोल यावरून ध्यानी येईल.

हाच क्रम ज्यांनी नियमबद्ध केला त्यांची हकीकत अशी. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील यूटा प्रांतात स्नोबर्ड येथे १७ सॉफ्टवेअर-तज्ज्ञ एकत्र जमले व त्यांनी एक छोटेखानी जाहीरनामा काढला. त्यांनी आपल्या पद्धतीस ‘अजाइल’, म्हणजे चपळ, हे नाव दिले. त्याचे सार चार गोष्टींत आहे : साधनांपेक्षा माणसे व त्यांचा परस्परसंवाद मोठा, जाड दप्तरांपेक्षा चालते सॉफ्टवेअर मोठे, कराराच्या घासाघिशीपेक्षा गिऱ्हाइकाचे सहकार्य मोठे, आणि ठरल्या बेतास चिकटून बसण्यापेक्षा बदलास सामोरे जाणे मोठे. बेत व दप्तर निरुपयोगी आहेत असे मात्र त्यांनी कोठेही म्हटलेले नाही. त्यांनी तारतम्य तेवढे सांगितले.

या पद्धतीचा ‘स्क्रम’ नावाचा एक प्रकार फार चालतो. त्यात महिन्याहून अधिक नाही, बहुधा दोन आठवडे, अशी एक मुदत धरतात. तेवढ्यात जे खरोखर पुरे होईल तेवढेच काम अंगावर घेतात. रोज फार तर १५ मिनिटे मंडळी एकत्र येऊन काय झाले, आज काय करावयाचे व कोठे अडले हे एकमेकांस सांगतात. मुदत संपताच झालेली वस्तू गिऱ्हाइकास दाखवितात व आपल्या कामाच्या रीतीत काय सुधारावे याचाही विचार करतात. दुसरा प्रकार ‘कानबान’. हा शब्द जपानच्या टोयोटा कारखान्यातून आला. वाळूज, चिकलठाणा व शेंद्रा येथील कारखान्यांत काम करणाऱ्या पालकांपैकी अनेकांस तो ठाऊकच असेल. फळ्यावर ‘करावयाचे’, ‘चालू’ व ‘झाले’ असे तीन रकाने पाडून प्रत्येक कामाची चिठ्ठी पुढे सरकवितात. त्यातील मर्म एवढेच की, ‘चालू’च्या रकान्यात ठरावीक संख्येहून अधिक चिठ्ठ्या लावू देत नाहीत. हातचे पुरे होईल तेव्हाच नवे घ्यावयाचे.

आता वेळेचा प्रश्न. मंडळीची पद्धत कितीही चांगली असली तरी प्रत्येकास आपल्या दिवसाचा हिशेब ठेवता आला नाही, तर दिलेला शब्द पाळला जात नाही. आठ तासांच्या दिवसात आठ तासांचे काम होते, हा मोठा भ्रम आहे. सभा, पत्रे, फोन व शेजाऱ्याची अडचण यांत दोन-तीन तास सहज जातात. जो हे वजा करून पाच तासांचेच काम कबूल करतो, त्याचे काम वेळेवर होते. जो आठ तासांचे कबूल करतो, तो रात्री जागतो, थकतो, चुका करतो आणि त्या निस्तरण्यात दुसरा दिवस घालवितो. उशीर झालेल्या कामावर आणखी माणसे घातली तर उशीर अधिकच वाढतो, असे फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ साली लिहून ठेविले आहे. कारण नव्यांस शिकविण्यात जुन्यांचा वेळ जातो. कायम टिकेल अशाच गतीने काम करावे, हे अजाइलचे एक तत्त्वच आहे. चपळाई म्हणजे धावपळ नव्हे.

एकाग्रतेसाठीही एक सोपी युक्ती आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्चेस्को चिरिलो या इटालियन विद्यार्थ्याने अभ्यासास टोमॅटोच्या आकाराचे स्वयंपाकघरातील घड्याळ लावण्यास आरंभ केला. २५ मिनिटे एकच काम, नंतर पाच मिनिटे विसावा. इटालियन भाषेत टोमॅटोस ‘पोमोदोरो’ म्हणतात. तेच नाव त्या रीतीस पडले.

विद्यार्थिमित्रहो, यातले पुष्कळसे आजच तुमच्या उपयोगी आहे. शालान्त परीक्षेचा अभ्यास हे डोंगर खोदण्याचे काम नव्हे. साऱ्या पुस्तकाची उजळणी होईपर्यंत सराव-प्रश्नपत्रिकेस हात न लावणे, म्हणजे तपासणी शेवटी ठेवणेच होय. दोन आठवड्यांत दोन धडे घ्या, लगेच त्यांवरील प्रश्न सोडवा, उत्तरे गुरुजनांस दाखवा आणि जेथे चुकले तेवढेच पुन्हा वाचा. एका वेळी तीन विषय उघडे ठेवू नका. मोबाइल दुसऱ्या खोलीत असू द्या.

पालकांसही आमची एक विनंती आहे. मूल पुस्तक घेऊन बसले असता घटकेघटकेस हाक मारून त्याचे लक्ष मोडू नये. आणि ‘किती तास बसलास?’ असे विचारण्याऐवजी ‘आज काय पुरे झाले, दाखव पाहू,’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नाने मूल बसून राहण्यास शिकते, दुसऱ्याने काम तडीस नेण्यास. उद्या ते संगणकावर बसो, कारखान्यात जावो की शेतात उतरो, ही दुसरी सवय त्यास सर्वत्र उपयोगी पडेल.