डब्यातले पेप्टाइड आणि आपले आतडे

औषधांच्या दुकानात प्रथिनांच्या पावडरीचे मोठे डबे मांडलेले असतात. काहींवर 'पेप्टाइड' असे छापलेले असते. किंमत ऐकून छातीत धस्स होते. तरी लेकरू अशक्त दिसले की आपण उधारी करूनही डबा घरी आणतो. तो आणण्याआधी आपले आतडे काय करते, ते समजून घेऊ.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांच्या मण्यांची लांब माळ. तिचा छोटा तुकडा म्हणजे पेप्टाइड. आपण डाळ, मटकी, अंडी, सुकट खातो तेव्हा जठरातले आम्ल आणि पेप्सिन ही माळ तोडू लागतात. लहान आतड्यात स्वादुपिंडाचा रस तिचे आणखी बारीक तुकडे करतो. म्हणजे पेप्टाइड आपल्या पोटातच रोज तयार होते.

लहान आतड्याच्या आत मखमलीसारखी बारीक लव असते. तिच्यावरच्या पेशींत एक वाहक असतो. तो 2 किंवा 3 मण्यांचेच तुकडे आत घेतो. सुट्या मण्यांसाठी वेगळे वाहक असतात. आत गेलेले बहुतेक तुकडे पेशीतच सुटे होतात आणि रक्तावाटे यकृताकडे जातात. मोठे तुकडे अखंड रक्तात पोचणे फार दुर्मीळ. इन्सुलिन 51 मण्यांचे असते. गिळले तर ते पोटात तुटते, म्हणून ते टोचून घ्यावे लागते.

काही पेप्टाइड शरीरावर औषधासारखा परिणाम करतात, त्यांना जैवसक्रिय म्हणतात. आंबवलेल्या दुधातल्या 3 मण्यांच्या दोन पेप्टाइडांचा जपानमध्ये रक्तदाबासाठी अभ्यास झाला. पण रक्तात ती अगदी थोडी पोचतात. त्यामुळे दह्याच्या किंवा डब्याच्या भरवशावर रक्तदाबाची गोळी कोणीही बंद करू नये.

खरी जपायची आहे ती आतड्यातली लव. वारंवार जुलाब झाले की ती झिजते आणि खाल्लेले अंगी लागत नाही. म्हणून पाणी उकळून प्यावे, शौचानंतर आणि जेवणाआधी साबणाने हात धुवावेत. जुलाबात लेकराचे खाणे किंवा अंगावरचे दूध तोडू नये. ओआरएस पाजावे आणि दवाखान्यात न्यावे. लेकराचे वजन वाढत नसेल तरी आधी तपासणी करून घ्यावी.

डब्याच्या पैशात कितीतरी दिवसांची डाळ आणि अंडी येतात. आतडे धड असेल तर त्यांचे पेप्टाइड ते स्वतःच करून घेते.