पहाडपानीची रात्र

चेन्नईत मार्गळी महिना लागला की मैलापूरच्या गल्ल्यांत पहाटेच दारापुढे मोठमोठे कोलम उमटतात आणि लोक कानटोपी घालून देवळाकडे निघतात. पारा तेव्हाही वीस अंशांच्या आसपासच असतो. अशा गावात राहून हिमालयातील बर्फाच्या वाटेवर लेख लिहायचा, हे थोडे धाडसाचेच आहे. पण आपल्या स्वाध्याय वर्गात या महिन्यात स्वामी विवेकानंदांच्या १९०१ च्या मायावती यात्रेचा भाग वाचायला घेतला आणि त्यातल्या एका रात्रीवर आम्ही अडकलो. दोन बैठका झाल्या तरी तिच्यापुढे सरकता आले नाही. म्हणून तेवढ्यावरच लिहीत आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. ९ डिसेंबर १९०० रोजी स्वामीजी दुसऱ्या पाश्चात्त्य दौऱ्यावरून बेलूर मठात परतले. मठात कळले की त्यांचे इंग्रज शिष्य कॅप्टन सेव्हियर २८ ऑक्टोबरला मायावतीस वारले. सेव्हियर पती-पत्नी १८९६ मध्ये लंडनला स्वामीजींना भेटले. त्याच उन्हाळ्यात आल्प्सच्या प्रवासात ते बरोबर होते आणि हिमालयात एक आश्रम असावा हा विचार तिथेच आकाराला आला. सगळे विकून ते भारतात आले, आणि १९ मार्च १८९९ रोजी कुमाऊँमधील मायावती येथे अद्वैत आश्रम सुरू झाला. समुद्रसपाटीपासून सुमारे ६,४०० फूट उंचीवर, देवदारांच्या जंगलात. पुढे दीड वर्षातच कॅप्टन गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे डोंगराखालच्या नदीकाठी हिंदू पद्धतीने त्यांचा अग्निसंस्कार झाला.

स्वामीजींनी ठरवले की श्रीमती सेव्हियर यांना भेटायला स्वतः जायचे. पत्र पाठवता आले असते. उन्हाळ्यापर्यंत थांबता आले असते. दमा आणि मधुमेह या दोन्हींनी शरीर पोखरलेले होते आणि महिना डिसेंबरचा. तरी २७ डिसेंबरला ते कलकत्त्याहून निघाले. बरोबर स्वामी शिवानंद आणि स्वामी सदानंद.

रेल्वे काठगोदामपर्यंत. पुढे सुमारे ६५ मैल डोंगरी वाट. येण्याची तार मायावतीला उशिरा पोहोचली. आश्रमातले तरुण संन्यासी स्वामी विरजानंद, वय २७, यांनी घाईघाईने हमाल आणि दांड्या जमवल्या आणि ते ६५ मैल दोन दिवसांत चालून ते काठगोदामला हजर झाले. (दांडी म्हणजे दोन-चार माणसांनी खांद्यावरून वाहायची खुर्चीवजा डोली. भाषांतर करताना मी हा शब्द तसाच ठेवला, तर वर्गात पहिला प्रश्न आला तो मिठाच्या सत्याग्रहाचा. दुसरा कॉलेजला दांडी मारण्याचा.) वाचताना आपण ही ओळ सहज ओलांडतो. थंडीत, चढउताराच्या वाटेने, दिवसाला तीस मैलांहून अधिक! आणि पोहोचल्यावर विश्रांती म्हणावी तर लगेच तीच वाट उलटी.

२९ तारखेला स्वामीजी काठगोदामला उतरले तेव्हा अंगात थोडा ताप होता, म्हणून एक दिवस थांबले. काठगोदाम गौला नदीच्या काठी आहे. तिथे मैदान संपते आणि डोंगर सुरू होतात. ३० तारखेला मंडळी निघाली आणि १७ मैलांवरच्या धारी येथील डाकबंगल्यात रात्री मुक्कामाला आली. इथवर सारे ठीक होते.

३१ डिसेंबरला सकाळी निघायला उशीर झाला. पुढचा डाकबंगला मोरनौल्याला. वाटेत आधी पाऊस, मग बर्फ. स्वामीजींना प्रथम त्याचा आनंदच झाला, लहान मुलासारखा. पण जे माणूस बघून हरखतो तेच हमालाच्या पायाखाली निसरडे होते. धुके उतरले, वाट दिसेना, दिवस मावळू लागला. पहाडपानी नावाच्या जागी एक दुकान होते. चहा-तंबाखूसाठी हमाल तिथे टेकले आणि नंतर उठायला तयार होईनात. त्यांचे काय चुकले? खांद्यावर दुसऱ्याचा भार घेऊन त्या उतारावर अंधारात घसरणे म्हणजे काय, हे त्यांनाच ठाऊक.

मुक्काम त्या दुकानाच्या झोपडीतच करावा लागला. लहानशी जागा, मध्ये पेटवलेल्या शेकोटीचा धूर, जेवणाला जेमतेम काही. एकोणिसाव्या शतकाची ती शेवटची रात्र. शिकागोच्या व्यासपीठावर ज्यांच्यासाठी सभागृह उभे राहिले होते, ते दम्याचा त्रास असलेले शरीर घेऊन धुराने भरलेल्या खोपटात बसले होते.

आणि स्वामीजी रागावले. बरोबरच्या सर्वांवर, विशेषतः विरजानंदांवर. हमालांना थांबू का दिले, इतके न समजणारे कसे, बर्फ थांबताच आपण मायावतीला न जाता मागे फिरणार, इथपर्यंत बोलणे गेले. विरजानंदांनी काही वेळ ऐकून घेतले. मग त्यांनी शांतपणे सांगितले की सकाळी लवकर निघू असे आपण सुचवले होते, तेव्हा निघालो असतो तर आत्तापर्यंत मोरनौल्याला पोहोचलो असतो, यात माझा दोष कोणता? स्वामीजी गप्प झाले. थोड्या वेळाने मवाळ स्वरात म्हणाले की झाले ते मनावर घेऊ नकोस, बाप मुलाला रागावतोच. आता पुढचे कसे करायचे ते बघू.

आमच्या वर्गात इथेच वाद झाला. एका ज्येष्ठ सदस्यांचे मत, हा राग म्हणजे लीला आहे, शिष्याची परीक्षा होती. मला ते पटत नाही, आणि मतभेद नम्रपणे नोंदवतो. परीक्षा म्हटले की त्या रात्रीची थंडीच निघून जाते. मला तिथे एक आजारी, थकलेला माणूस दिसतो, जो एका विधवेच्या सांत्वनासाठी निघाला आहे आणि ज्याला क्षणभर वाटले की आपण पोहोचणारच नाही. राग त्या भीतीचा होता. विशेष हे की वयाने, अधिकाराने, सर्वार्थाने लहान असलेल्याने चूक दाखवली आणि ती तिथल्या तिथे ऐकली गेली. आपल्या किती बैठकांत असे घडते? आणि विरजानंदांकडूनही शिकण्यासारखे आहे. त्यांनी गुरूंचा राग गिळून तो मनात साठवला नाही. आणि उलट उत्तर देतानाही अदब सोडली नाही.

आणखी एक गोष्ट. शिष्यांनी मिळून लिहिलेले स्वामीजींचे विस्तृत इंग्रजी चरित्र १९१२ पासून मायावतीहून खंडाखंडाने प्रसिद्ध झाले, ते विरजानंदांच्याच देखरेखीखाली. (पुढे १९३८ मध्ये ते रामकृष्ण मठ आणि मिशनचे सहावे अध्यक्ष झाले.) म्हणजे ज्यांच्यावर तो राग बरसला, त्यांच्याच हाती तो प्रसंग ठेवायचा की गाळायचा हे होते. त्यांनी ठेवला. भाषांतर करताना 'इथे जरा सौम्य शब्द घालू का' असा मोह मला झाला होता, हे कबूल करतो. मग मी तो परिच्छेद जसा होता तसाच मराठीत आणला.

सकाळी बाहेर सगळीकडे बर्फ होते. पुढची वाट थोडक्यात: १ जानेवारीला मोरनौला, २ ला धूनाघाट, ३ जानेवारी १९०१ ला मायावती. धूनाघाटकडे उतरताना स्वामीजी काही अंतर पायी चालले, विरजानंदांच्या आधाराने. एके काळी डोंगरात दिवसाला वीस-पंचवीस मैल सहज चालणारा मी, बघ किती दुर्बळ झालो, असे ते त्यांना म्हणाले. दोन दिवसांपूर्वी ज्याला रागे भरले होते, त्याच्याच खांद्यावर हात होता. त्यानंतर दीड वर्षाने, ४ जुलै १९०२ रोजी, स्वामीजींनी देह ठेवला.

मायावतीत ते १८ जानेवारीपर्यंत राहिले. बर्फामुळे बराच वेळ घरातच, शेकोटीजवळ. ३८ वा वाढदिवस तिथेच गेला. तळ्याकाठची वाट त्यांना आवडायची. आणि त्या पंधरवड्यात त्यांनी 'प्रबुद्ध भारत' मासिकासाठी तीन लेख लिहिले, त्यांतला एक आर्य आणि तमिळ यांच्याविषयी. हे मासिक मुळात आपल्या मद्रासचे. जुलै १८९६ मध्ये इथे सुरू झाले. पहिले संपादक राजम अय्यर १८९८ मध्ये विशीतच गेले आणि मग अंक आधी अल्मोड्याला व नंतर मायावतीला हलला. तिथे त्याची व्यवस्था कॅप्टन सेव्हियर पाहत. ज्यांच्या जाण्याने स्वामीजी बर्फ तुडवत आले, त्यांनी सांभाळलेल्या मासिकासाठी त्यांनी लिहिले, आणि विषय निवडला तो दक्षिणेचा.

मरीनासमोरच्या विवेकानंदर इल्लममध्ये आपण शिबिरार्थींना नेतो. ती इमारत १८४२ मध्ये अमेरिकेहून जहाजाने येणारा बर्फ साठवण्यासाठी बांधली गेली, म्हणून तिचे नाव 'आइस हाउस'. फेब्रुवारी १८९७ मध्ये स्वामीजी तिथे नऊ दिवस राहिले होते. डिसेंबरात ट्रेकला जाणाऱ्या युवा सदस्यांनी या वेळी काठगोदाम, धारी, पहाडपानी, मोरनौला, धूनाघाट, लोहाघाट ही नावे नकाशावर क्रमाने खूण करून आणावीत. पुढील बैठकीत वर सांगितलेला आर्य-तमिळ लेख घेणार आहोत. तो घरी एकदा वाचून यावा, आणि पहाडपानीच्या रागाबद्दल ज्यांचे मत माझ्यापेक्षा वेगळे आहे त्यांनी ते जरूर मांडावे.