चार चाके फिरतात, दोनच ओढतात

दोन वर्षांपूर्वीच्या एका उत्तरातील चूक दुरुस्त करण्यासाठी आम्ही हा लेख लिहीत आहोत. शिक्षकाची चूक वर्गातच सुधारली गेली, तर ती फळ्याबरोबर पुसली जाते. पत्रातून गेलेली चूक मात्र दूरवर पोहोचते आणि तिच्या आधारे कोणी निर्णयही घेतो. म्हणून ही दुरुस्ती सर्वांसमक्ष करणे आम्हांस योग्य वाटते.

आमचा एक माजी विद्यार्थी अमेरिकेच्या उत्तर भागात एका रुग्णालयात रात्रपाळीची नोकरी करतो. हिवाळ्यात तेथील रस्ते बर्फाने झाकले जातात. २०२३ साली त्याला फोर्ड कंपनीचा ‘मॅव्हरिक’ हा छोटा पिकअप ट्रक घ्यावयाचा होता. हा ट्रक २०२१ च्या जूनमध्ये लोकांपुढे आला आणि तो दोन प्रकारांत मिळे. एका प्रकारात २.० लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन होते. त्यात शक्ती पुढील दोन चाकांनाच द्यावी की चारही चाकांना, हे ग्राहकास निवडता येई. दुसरा प्रकार हायब्रिड होता. त्यात २.५ लिटरचे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर एकत्र काम करीत. पण शक्ती केवळ पुढील चाकांनाच मिळे. विद्यार्थ्याने विचारले, “सर, हायब्रिड पेट्रोल वाचवतो, पण चार चाकांची ओढ त्यातच का नाही? मला दोन्ही हवे आहे. घरात लहान मूल आहे, रस्त्यावर बर्फ आहे.”

आम्ही घाईने उत्तर पाठवले : “बॅटरी आणि मोटर यांनी जागा व्यापल्यामुळे मागच्या चाकांपर्यंत शक्ती नेणे शक्य होत नाही.” वाक्य पटण्याजोगे होते, पण ते खरे नव्हते.

ते खरे का नव्हते, हे समजण्यासाठी प्रथम यंत्ररचना पाहू. या हायब्रिडमध्ये नेहमीचा गिअरबॉक्स नसतो. मधोमध एक दातेरी चाक, त्याभोवती फिरणारी लहान चाके आणि या सर्वांना वेढणारे आतून दातेरी कडे, अशी प्लॅनेटरी गिअरची जुळणी त्यात असते. तिला इंजिन आणि दोन विद्युतयंत्रे जोडलेली असतात. एक यंत्र मुख्यतः वीज निर्माण करते आणि वेगाचे गुणोत्तर सांभाळते. दुसरे मुख्यतः चाके ओढते आणि ब्रेक लावताना वाया जाणारी गती विजेच्या रूपाने परत मिळवते. ब्रेक लावताच गाडीचा भार पुढे झुकतो व पुढील चाकांची पकड वाढते. त्यामुळे पुढील चाकांना जोडलेली एकच मोटर ही गती बऱ्याच अंशी परत मिळवू शकते. केवळ ऊर्जाबचतीचा विचार केला, तर मागील चाकांना शक्ती देण्याची निकड उरत नाही.

तथापि निकड नसणे आणि शक्यता नसणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. मॅव्हरिक ज्या मूळ ढाच्यावर उभा आहे, त्याच ढाच्यावर त्याच कंपनीची ‘एस्केप’ ही मोटार उभी आहे. तिच्या २०२० च्या हायब्रिडमध्ये चारही चाकांना शक्ती देण्याची सोय होती. तिच्या इंधनवापराचा अधिकृत सरासरी आकडा पुढील चाकांच्या गाडीसाठी गॅलनला ४१ मैल, तर चारही चाकांच्या गाडीसाठी ४० मैल होता. म्हणजे लिटरमागे सुमारे १७.४ आणि १७ किलोमीटर. टोयोटाने तर २००१ सालीच ‘एस्टिमा’ हायब्रिडमध्ये मागील चाकांसाठी स्वतंत्र मोटर बसवून पुढून मागे जाणारा लांब दांडाच वगळला होता. हे दोन्ही दाखले आमच्या उत्तराच्या आधीचे आहेत. आम्ही ते पाहिले असते, तर ‘शक्य नाही’ असे लिहिलेच नसते.

मग खरे कारण कोणते? एखादी गोष्ट करता येत असूनही केली जात नाही, तेव्हा तिच्या खर्चाचा हिशोब पाहावा. चारही चाकांना शक्ती द्यावयाची म्हणजे पुढे शक्ती वाटणारी पेटी, तेथून मागे जाणारा प्रॉपेलर शाफ्ट, मागे डिफरेन्शियल आणि दोन्ही बाजूंचे दांडे एवढे सामान वाढते. मॅव्हरिकमध्ये त्यात आणखी एक भर पडते. पुढील चाकांच्या प्रकारात मागील दोन चाके एका साध्या पिळदार आडव्या तुळईने जोडलेली आहेत. ही रचना हलकी आणि स्वस्त असते. चारही चाकांच्या प्रकारात ती काढून दोन्ही चाकांसाठी स्वतंत्र, अनेक दुवे असलेली रचना बसवावी लागते. म्हणजे मागील भागच वेगळा होतो.

आता किंमत पाहू. पहिल्या वर्षी या हायब्रिडची प्रारंभीची किंमत २० हजार डॉलरच्या किंचित आत ठेवली होती. स्वस्त, काटकसरी आणि रोजच्या वापराचा ट्रक अशीच त्याची ओळख होती. त्याचा इंधनवापराचा अधिकृत सरासरी आकडा गॅलनला ३७ मैल, म्हणजे लिटरला सुमारे १५.७ किलोमीटर होता. टर्बो इंजिनाच्या ट्रकचे तेच आकडे पुढील चाकांसाठी २६ आणि चारही चाकांसाठी २५ होते. म्हणजे चारही चाकांमुळे इंधनाची हानी फार होत नाही. वाढतात ती किंमत, वजन आणि कारखान्यातील गुंतागुंत. शिवाय पहिल्याच वर्षी हायब्रिडला इतकी मागणी आली की, कंपनीला त्या वर्षाच्या नोंदण्या मुदतीपूर्वीच थांबवाव्या लागल्या. जे आहे तेच पुरत नसताना त्याचा आणखी एक महाग प्रकार काढण्याची घाई कोणता उत्पादक करील?

याचा अर्थ ग्राहकाची उणीव काल्पनिक होती, असा नव्हे. एक हिशोब करून पाहू. समजा, रिकाम्या ट्रकचे वजन १,६०० किलो आहे आणि त्यातील ९६० किलो पुढील चाकांवर, ६४० किलो मागील चाकांवर आहे. हौद्यात बरोबर मागील आसावर ६०० किलो माल ठेवला. पुढील चाकांवरचा भार ९६० किलोच राहिला, एकूण वजन मात्र २,२०० किलो झाले. पूर्वी ओढणाऱ्या चाकांवर वजनाचा ६० टक्के वाटा होता, तो आता ४४ टक्क्यांहून कमी झाला. म्हणजे माल वाढला आणि ओढण्याची तुलनात्मक ताकद घटली. बर्फावर घर्षणाचा गुणांक ०.२ धरला, तर हा भरलेला ट्रक पुढील चाकांच्या बळावर १०० मीटरमागे जेमतेम पावणेनऊ मीटरचा चढ चढेल. चारही चाके ओढत असतील तर सुमारे २० मीटरचा. आपल्याकडील ‘छोटा हत्ती’ मागील चाकांनी चालतो, त्यामागे हेच गणित आहे : माल जेथे पडतो, तेथेच ओढ असावी.

परंतु याच हिशोबाची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. थांबताना ओढणारी चाके किती, हा प्रश्नच उरत नाही. ब्रेक तर चारही चाकांना असतात. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी ०.२ गुणांकाच्या बर्फावर थांबण्यास सुमारे ४९ मीटर घेईल, मग ती दोन चाकांनी ओढली जावो वा चार. हिवाळी टायरांमुळे तोच गुणांक ०.३ झाला, तर हे अंतर ३३ मीटरवर येते. चार चाकांची ओढ गाडीला निघण्यास साहाय्य करते. थांबण्यास आणि वळणावर टिकण्यास टायरच उपयोगी पडतात. सहज निघालेली गाडी तितक्याच सहज थांबेल, असा भ्रम चालकास होतो आणि धोका तेथेच असतो.

आमच्या विद्यार्थ्याचे गाव सपाट आहे, रस्त्यांवर मीठ टाकले जाते आणि त्याला जड ट्रेलर ओढावयाचा नाही. त्याने हायब्रिड घेतला आणि हिवाळी टायर बसवले. पुढे २०२४ च्या ऑगस्टमध्ये कंपनीने २०२५ च्या मॅव्हरिकची घोषणा केली. त्यात हायब्रिडलाही चारही चाकांची सोय आली, आणि तीही मागे जाणाऱ्या शाफ्टसह. जे ‘शक्य नाही’ असे आम्ही लिहिले होते, ते त्याच ढाच्यावर, त्याच इंजिनासह घडले. त्याने फक्त एवढेच लिहिले, “सर, जागा होती म्हणायची.”

त्याची खरेदी चुकली नाही, कारण त्याने आमच्या वाक्यापेक्षा आपला रस्ता अधिक नीट पाहिला होता. आमचे उत्तर मात्र चुकले होते. ‘करता येत नाही’, ‘अद्याप केलेले नाही’ आणि ‘या किमतीत करावयाचे नाही’ ही तीन निरनिराळी वाक्ये आहेत. विक्रेता, उत्पादक आणि कधी कधी शिक्षकही तिसऱ्याच्या जागी पहिले वाक्य बोलून मोकळा होतो. पालक आपल्या पाल्यासाठी यंत्र, अभ्यासक्रम किंवा कर्ज निवडताना ‘हे होत नाही’ असे ऐकतील, तेव्हा त्यांनी एक प्रश्न अवश्य विचारावा : होत नाही, की कोणी केले नाही? आणि आमच्या विद्यार्थ्यांना आमची विनंती अशी की, हा प्रश्न त्यांनी प्रथम आम्हांलाच विचारावा.