सुरती पनीर : दूध किती तापवावे?

नरडाणा हे सुरत-भुसावळ रेल्वेवरचे गाव, त्यामुळे सुरतेचा माल आपल्याला नवा नाही. त्याच सुरतेचे एक पनीर आहे. म्हशीच्या दुधाचे, छोट्या टोपलीत निथळलेले, स्वतःच्याच पाण्यात ठेवलेले, मऊसूत. सुरत-मुंबईच्या पारशी घरांत त्याला टोपली पनीर म्हणतात. आपल्या दूधवाल्या आणि हलवाई बांधवांना हा माल करता येण्याजोगा आहे, पण त्यात एक मोठी खोच आहे.

नेहमीचे पनीर करताना दूध 90 अंशांच्या आसपास तापवून मग आम्लाने फाडतात, त्यामुळे रोगजंतू तिथेच मरतात. सुरती पनीर रेनेटने जमते, आणि खूप उकळलेले दूध रेनेटने नीट जमत नाही. म्हणून कारागिराला मोह होतो, की कच्चेच दूध कोमट करावे, रेनेट टाकावे आणि मोकळे व्हावे.

असे पनीर दिसायला सुरेख असते. पण जनावराला ब्रुसेलाची लागण असेल, तर तो जंतू दुधातून गिऱ्हाइकाच्या घरी जातो. मग आठवडेच्या आठवडे येणारा-जाणारा ताप, सांधेदुखी. लिस्टेरिया तर फ्रीजमध्येही वाढतो आणि गरोदर बाईच्या पोटातील बाळाला मारतो. 1985 साली अमेरिकेत लॉस एंजेलिस भागात मऊ, ताज्या चीजमुळे 142 जण आजारी पडले आणि 48 दगावले. त्यातील 30 जीव पोटातले किंवा नुकते जन्मलेले होते. तापवलेल्या दुधात कच्चे दूध मिसळल्याचा संशय तपासात पुढे आला.

कोणी म्हणेल, परदेशात कच्च्या दुधाचे चीज विकतातच ना? विकतात, पण अमेरिकेत ते किमान 60 दिवस मुरवावे लागते. आपला ओला माल दुसऱ्या दिवशी खपतो.

मार्ग मधला आहे. दूध 63 अंशांवर पूर्ण 30 मिनिटे ठेवावे, मग लगेच 35 अंशांपर्यंत थंड करून विरजण व रेनेट घालावे. दही सैल वाटले तर 10 लिटरला 2 ग्रॅम खाण्याच्या दर्जाचे कॅल्शियम क्लोराईड पुरते. रेनेट मायक्रोबियल घ्यावे. जनावराच्या रेनेटमुळे उठणारा हलालचा प्रश्नही त्याने मिटतो.

एवढ्याने काम संपत नाही. हाताच्या फोडातून किंवा दगडी झालेल्या कासेतून येणारा स्टॅफिलोकॉकस मिठाला जुमानत नाही. त्याचे विष एकदा तयार झाले, की पनीर तळूनही जात नाही. तेव्हा दगडीचे दूध घेऊच नये, हाताला जखम असलेल्याला त्या दिवशी दुसरे काम द्यावे. कापड रोज उकळावे. बांबूच्या टोपलीच्या फटी साफ होत नाहीत. छिद्रांचे स्टीलचे भांडे बरे, नाव टोपलीचे राहिले तरी चालेल. कालचे पाणी आजच्या मालात ओतू नये. खानदेशच्या मे महिन्यात बर्फाशिवाय माल बाहेर काढणे म्हणजे जंतूंना दावत देणे होय.

अन्न सुरक्षा कायद्याखाली (2006) छोट्या घरगुती धंद्यालाही नोंदणी लागते, ती आधी करून घ्यावी. आणि थर्मामीटर विकत घ्यावा, बोटाचा अंदाज नको. तो दुधाच्या मधोमध धरावा, तळाला टेकवू नये. वरचा फेस दुधापेक्षा थंड राहतो, म्हणून अर्धा तासभर दूध हलवत राहावे.