विश्वासाचा दुवा

एस. टी. स्थानकावर गाडीची वाट पाहत तुम्ही कधी ना कधी तिष्ठत बसला असाल. गाडीची वेळ टळून तास झाला, तरी तिचा पत्ता नाही. खिडकीपाशी जाऊन विचारावे, तर आतून ‘येईल, येईल’ एवढेच उत्तर मिळते. हळूहळू कुजबूज सुरू होते. कोणी म्हणतो, गाडी रद्द झाली. कोणी म्हणतो, घाटात अपघात झाला. माणसे चिडतात, लहान मुले रडू लागतात. इतक्यात एक कर्मचारी बाहेर येऊन सांगतो, ‘‘मंडळी, घाटात दरड कोसळली आहे. गाडी पलीकडे सुखरूप उभी आहे. रस्ता मोकळा होण्यास दोन तास तरी लागतील.’’ त्याच्या या शब्दांनी गाडी काही लवकर येत नाही. परंतु लोकांचा राग निवळतो. असे का व्हावे? खरी परिस्थिती कळली, की मनुष्य तिला तोंड देण्यास सिद्ध होतो. अंधारात ठेवलेला मनुष्य मात्र शंकेने व्याकूळ होतो.

कारखाने, रेल्वे, रुग्णालये, शासनाची खाती यांचा हजारो लोकांशी नित्य संबंध येतो. संस्थेचे म्हणणे लोकांपर्यंत आणि लोकांचे म्हणणे संस्थेपर्यंत पोहोचविण्याचे काम ज्याच्याकडे असते, त्यास जनसंपर्क अधिकारी असे म्हणतात. या मनुष्याची वाणी गोड असावी, भाषा सुबोध असावी, वागणे नम्र असावे, हे कोणीही सांगेल. पण तेवढ्याने भागते काय? विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत ज्यांनी हा व्यवसाय प्रथम नावारूपाला आणला, त्यांपैकी एकाची हकीकत ऐकली म्हणजे या प्रश्नाचे उत्तर मिळते.

आयव्ही ली यांचा जन्म १८७७ साली जॉर्जिया राज्यात झाला. त्यांचे वडील धर्मोपदेशक होते. शिक्षण पुरे झाल्यावर ली न्यूयॉर्क शहरी वृत्तपत्रांचे बातमीदार झाले. त्या काळी मोठमोठ्या कंपन्यांचे मालक बातमीदारांना दारातही उभे करीत नसत. आमच्या कारभाराशी लोकांना काय कर्तव्य, अशी त्यांची वृत्ती होती. ली यांना हे चुकीचे वाटले. १९०६ साली कोळशाच्या खाणमालकांनी त्यांना आपल्या कामावर नेमले, तेव्हा त्यांनी वृत्तपत्रांना एक पत्रक पाठविले. आपले सर्व काम उघडपणे चालेल, आपण अचूक माहिती देऊ आणि ती पडताळून पाहू इच्छिणाऱ्या संपादकास साहाय्य करू, असे त्यांनी त्यात जाहीर केले.

या वचनाच्या कसोटीची वेळ लवकरच आली. २८ ऑक्टोबर १९०६ रोजी अटलांटिक सिटी या शहराजवळ विजेवर चालणारी एक आगगाडी पुलावर रुळांवरून घसरली आणि खाली पाण्यात कोसळली. ५३ माणसे मृत्युमुखी पडली. हा मार्ग पेनसिल्व्हेनिया रेल्वे कंपनीच्या ताब्यातील होता. अपघाताची बातमी शक्य तोवर दडपून ठेवावी, ही रेल्वे कंपन्यांची जुनी रीत होती. ली यांनी कंपनीस याच्या नेमका उलट सल्ला दिला. घडलेल्या गोष्टीचे निवेदन कंपनीच्या वतीने वृत्तपत्रांना देण्यात आले आणि बातमीदारांना प्रत्यक्ष अपघाताच्या जागी नेण्याची व्यवस्था करण्यात आली. न्यूयॉर्कच्या एका प्रमुख वृत्तपत्राने ते निवेदन जसेच्या तसे छापले. गेलेले जीव त्यामुळे परत आले नाहीत. पण कंपनी काही लपवीत आहे, असे म्हणण्यास जागा उरली नाही.

हकीकत येथेच संपली असती, तर ली यांचे नाव निष्कलंक राहिले असते. परंतु पुढे आठ वर्षांनी निराळेच घडले.

कोलोरॅडो राज्यात कोळशाच्या खाणींतील कामगारांनी संप केला होता. कंपनीच्या घरांतून त्यांना बाहेर पडावे लागल्यामुळे ते बायकामुलांसह लडलो येथे तंबू ठोकून राहत होते. २० एप्रिल १९१४ रोजी सशस्त्र शिपायांनी त्या वसाहतीवर हल्ला केला. गोळीबार झाला, तंबूंना आग लागली. एका तंबूखालील खड्ड्यात आश्रय घेतलेल्या दोन स्त्रिया आणि अकरा मुले तेथेच मरण पावली. सारा देश हळहळला. तेथील मोठ्या खाण कंपनीची सूत्रे धनाढ्य रॉकफेलर घराण्याच्या हाती होती. त्यांनी ली यांना बोलावून घेतले.

ली यांनी कंपनीची बाजू मांडणारी पत्रके काढून देशभर पाठविली. त्यांतील काही माहिती साफ चुकीची होती. कामगारांच्या पुढाऱ्यांना वर्षभरात मिळालेला पैसा अवघ्या नऊ आठवड्यांत मिळाला, असे एका पत्रकात छापले गेले. पुढारी लोभी आहेत, असा वाचणाऱ्यांचा समज व्हावा, यात नवल ते काय! १९१५ साली सरकारने नेमलेल्या आयोगापुढे ली यांची साक्ष झाली. ही माहिती तुम्ही पडताळून पाहिली होती काय, असा प्रश्न निघाला. कंपनीच्या अधिकाऱ्यांनी दिली तीच आपण छापली, स्वतः चौकशी केली नाही, हे त्यांना कबूल करावे लागले. कवी कार्ल सँडबर्ग यांनी त्यांना पैसे घेऊन खोटे बोलणारा ठरविले. हा डाग त्यांच्या नावावर कायमचा राहिला.

मुलांनो, मनुष्य एकच होता. त्याची लेखणी तीच होती, हुशारीही तीच होती. मग अटलांटिक सिटीला जे साधले, ते कोलोरॅडोत का बिघडले? पहिल्या वेळी त्याने लोकांना सत्याजवळ नेले. दुसऱ्या वेळी तो स्वतःच सत्याजवळ गेला नाही.

म्हणून जनसंपर्काचे काम करणाऱ्याच्या अंगी पहिला गुण हवा तो सत्यनिष्ठेचा. केवळ खोटे न बोलणे पुरेसे नाही. ऐकलेली गोष्ट पडताळून पाहण्याचे कष्टही घ्यावे लागतात. दुसरा गुण श्रवणाचा. जो केवळ मालकाचेच ऐकतो आणि तंबूतील माणसाचे ऐकत नाही, तो दुवा नव्हे; तो नुसता कर्णा होय. तिसरा गुण सहृदयतेचा, कारण आकड्यांमागे जितीजागती माणसे असतात. आणि चौथा, सर्वांत कठीण गुण धैर्याचा. लोकांसमोर गोड बोलणे सोपे आहे. परंतु ज्याचे वेतन आपण घेतो, त्याच्यापुढे उभे राहून ‘हे खरे नाही, म्हणून मी हे सांगणार नाही’ असे म्हणावयास छातीच लागते.

हे गुण काही मोठेपणी एकाएकी येत नाहीत. वर्गप्रमुख या नात्याने उद्या तुम्हांला मुलांची तक्रार गुरुजींना आणि गुरुजींचा निर्णय मुलांना सांगावा लागेल. त्या वेळी आपल्या पदरचे काही घालू नका, गैरसोयीचे काही गाळू नका. दोन्हीकडच्या माणसांनी तुमच्या शब्दावर विश्वास ठेवला, की समजा, तुम्ही दुवा झालात.

स्वाध्याय

१. खरी परिस्थिती कळताच स्थानकावरील लोकांचा राग का निवळला?
२. अटलांटिक सिटी येथील अपघाताच्या वेळी ली यांनी कोणता सल्ला दिला?
३. आयोगापुढे ली यांना काय कबूल करावे लागले?
४. ‘तो दुवा नव्हे, तो नुसता कर्णा होय.’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
५. वाक्यांत उपयोग करा : तिष्ठत बसणे, तोंड देणे, पदरचे घालणे.