सापडला नाही, तरी लिहा

पोर्टलंडच्या पश्चिमेला हिल्सबरो आणि बीव्हरटन ही एकमेकांना चिकटलेली गावं आहेत. चिप बनवणाऱ्या कारखान्यांमुळे इथे मराठी कुटुंबं बरीच. शनिवारी सकाळी कुणी क्रिकेटला जातं, कुणी मुलांना मराठी शाळेत सोडतं. मी गेली कित्येक वर्षं झाडांच्या बुंध्याशी, दगडांच्या कपारीत, बागेतल्या बाकांखाली डबे शोधत हिंडतो. या छंदाचं नाव जिओकॅशिंग. कुणीतरी डबा लपवतो आणि त्याचे अक्षांश-रेखांश संकेतस्थळावर टाकतो. दुसरा कुणी तो शोधतो, आतल्या वहीत नाव आणि तारीख लिहितो आणि डबा होता तसा ठेवून देतो.

हा खेळ जन्मला तो माझ्या घरापासून तासाभराच्या अंतरावर. १ मे २००० च्या रात्री अमेरिकी सरकारने नागरी जीपीएसच्या संदेशात मुद्दाम मिसळलेली चूक काढून टाकली. तोवर शंभर मीटरपर्यंत चुकणारं यंत्र एका रात्रीत दहा-वीस मीटरवर आलं. ३ मे रोजी डेव्ह अल्मर यांनी ओरेगनमधल्या बीव्हरक्रीकजवळ एक बादली लपवली आणि जागा इंटरनेटवर जाहीर केली. आत पुस्तकं, व्हिडिओ, एक गलोल आणि घेवड्याचा सीलबंद डबा होता. काहीतरी घ्या, काहीतरी ठेवा, एवढाच नियम. काही दिवसांतच लोक तिथवर पोचले. सप्टेंबरमध्ये जेरेमी आयरिश यांनी त्यासाठी संकेतस्थळ सुरू केलं आणि आज जगभर तीस लाखांहून अधिक डबे आहेत. त्यांतला प्रत्येक डबा ओळखदेख नसलेल्या माणसांच्या इमानावर टिकून आहे. माझ्या गाठीशी जे काही अनुभवाचे बोल आहेत, ते या इमानाभोवतीचेच.

१. शेवटच्या वीस पावलांत फोन खिशात ठेवा.

अक्षांशाच्या एका मिनिटाचा हजारावा भाग म्हणजे सुमारे १.८५ मीटर. डब्याचा पत्ता इतक्या बारीक आकड्यांत देतात, त्यामुळे वाटतं की थेट डब्यावरच पाय पडेल. पण इथल्या जंगलात डग्लस फरची झाडं शे-दीडशे फूट उंच आणि दाट. उपग्रहाचा संदेश पानांतून अडखळत येतो, कड्यांवर आपटून येतो. लपवणाऱ्याचं यंत्र पाच मीटर चुकलेलं असतं, आपलं वेगळ्याच दिशेला सात मीटर. नवा माणूस पडद्यावरच्या बाणामागे गोल गोल फिरतो आणि त्याच्या बुटांखाली नेचे आणि शेवाळ तुडवलं जातं. याचा मला खरोखर त्रास होतो, कारण ते शेवाळ परत यायला वर्षं लागतात.

जवळ पोचलं की मी उभा राहतो. हात कुठवर पोचेल? पावसापासून आडोसा कुठे आहे? निसर्ग काटक्या शेजारी शेजारी सरळ रचून ठेवत नाही. तशा दिसल्या तर तिथे माणसाचा हात लागला आहे. ही नजर यायला वेळ लागतो, पण एकदा आली की रानाकडे बघण्याची पद्धतच बदलते.

२. भूभागाचा आकडा विचार करून द्या.

प्रत्येक डब्याला दोन आकडे असतात, एक ते पाच. पहिला शोधायला किती कठीण ते सांगतो, दुसरा तिथवर पोचायला किती कठीण ते. भूभाग एक म्हणजे चाकाच्या खुर्चीवरून पोचता आलं पाहिजे. हे लिहिलेलं आहे, तरी लोक ‘सोपं चालणं आहे’ एवढ्या अर्थाने एक आकडा टाकून मोकळे होतात.

आमच्या ओळखीतल्या एक बाई खुर्चीवरूनच शोध घेतात. त्यांच्यासोबत मी एकदा अशाच ‘एक’च्या डब्यावर गेलो होतो. गाडी लावली, खुर्ची उतरवली, डांबरी वाट संपली आणि पुढे ओल्या गवताचा उतार, त्याच्या तळाशी डबा. बाई काही बोलल्या नाहीत. मी खाली जाऊन डबा त्यांच्याजवळ आणला, त्यांनी सही केली, पण शोधण्याचा आनंद त्यांच्याकडून काढून घेतला गेला होता. ज्याने तो आकडा लिहिला त्याला अर्ध्या मिनिटाचा विचार पुरला असता. तेव्हापासून कुठेही चुकीचा ‘एक’ दिसला की मी मालकाला शांतपणे, पण न चुकता कळवतो.

३. सापडला नाही, तरी लिहा.

या छंदातला सर्वांत मोठा वैताग कोणता म्हणून विचारलंत तर काटे, पाऊस, चिखल यांतलं मी काहीच सांगणार नाही. न सांगणारी माणसं, हे माझं उत्तर. दहा जण येतात, तासभर शोधतात, हात हलवत परत जातात आणि संकेतस्थळावर एक अक्षर लिहीत नाहीत. सापडलेल्यांचीच नोंद होते. मालकाला वाटतं डबा जागेवर आहे. अकरावा माणूस पेट्रोल जाळून, मुलांना घेऊन, दोन तासांवरून येतो आणि रिकाम्या खोडाभोवती फिरत बसतो.

‘सापडला नाही’ या नोंदीत लोकांना कमीपणा वाटतो, त्यांचा आकडा वाढत नाही. पण माझ्या लेखी ती नोंद सापडल्याच्या नोंदीपेक्षा मोलाची आहे. कुठे पाहिलं, किती वेळ पाहिलं, जागा खणल्यासारखी दिसते का, झाड पडलंय का, हे चार ओळींत लिहिलं की मालक ठरवू शकतो.

याहून वाईट म्हणजे जागेवर नवी डबी टाकून ‘सापडला’ लिहिणं. खिशात रिकाम्या डब्या घेऊन फिरणारे लोक आहेत. मूळ डबा दोन हात अंतरावर शाबूत असतो आणि शेजारी कुणीतरी मदत म्हणून प्लास्टिकची डबी टाकून गेलेला असतो. मग पुढचे लोक दोन वह्यांत सह्या करतात आणि मालकाला कशाचाच पत्ता लागत नाही. ही मदत कुणी मागितलेली नसते. कचरा मात्र खराच असतो.

४. लपवायला एक दुपार लागते, सांभाळायला वर्षं.

इथे ऑक्टोबरपासून मेपर्यंत पाऊस असतो. जुन्या कॅमेऱ्याच्या रोलच्या डब्या लोकांना फार आवडतात, कारण त्या छोट्या आणि फुकट मिळायच्या. पण त्यांच्या झाकणात पाणी शिरतं. डिसेंबरात उघडावी तर आतला कागद लगदा झालेला, सही करायची कुठे? लष्कराच्या गोळ्यांची जुनी लोखंडी पेटी मात्र झाकणाचं रबर चांगलं असेल तर वर्षानुवर्षं कोरडी राहते. शेजारच्या वॉशिंग्टन राज्यात पावसात लिहिता येणारा कागद तयार होतो, मी तोच वापरतो आणि सोबत पेन्सिल. बॉलपेन थंडीत रुसतं.

दोन डब्यांत किमान १६१ मीटर अंतर हवं, असा नियम आहे. काहींनी तो कमाल घनतेचा परवाना मानला आणि नेवाडाच्या वाळवंटी रस्त्यांवर ओळीने शेकडो डबे ठेवले. ते कुणाला आवडत असतील तर आवडोत. माझं मत असं, की ज्या डब्यांपर्यंत तुम्ही दर दोन-तीन महिन्यांनी पायी जाऊ शकता, तेवढेच डबे लपवावेत.

५. चोरासारखं वागू नका.

झुडपात हात घालून बसलेला सावळा माणूस बघून इथे शेजारी पोलिसांना फोन करतात. माझ्याबाबत हे घडलेलं आहे. गाडी आली, अधिकारी उतरला. मी हात दिसतील असे ठेवून सरळ सांगितलं की हा एक खेळ आहे, आणि परवानगी विचारून फोनवर पान दाखवलं. पाच मिनिटांत ते आटोपलं. पण घरी आल्यावर बायको म्हणाली, “तुमच्या गोऱ्या मित्रांना कुणी विचारतं का हो?” तिचा प्रश्न रास्त होता. याच बागेत, याच झुडपात ते शोधतात आणि येणारे-जाणारे त्यांना हसून विचारतात, काय हरवलं?

म्हणून मी काही गोष्टी ठरवून टाकल्या आहेत. दिवसाउजेडी जायचं. शाळा, खेळाची मैदानं, रेल्वेचे रूळ इथले डबे सोडून द्यायचे. कुणी पाहिलं तर आपणच नमस्कार करून सांगायचं. आणि मालक म्हणून डब्यावर बाहेरून ठळक अक्षरांत ‘जिओकॅश’ लिहायचं. २०११ साली इंग्लंडमधल्या वेदरबी गावात एका कॅफेबाहेरच्या डब्याला बॉम्ब समजून रस्ता बंद केला गेला आणि बॉम्बशोधक पथकाने तो उडवला. भीती माणसांना खरीच वाटते. त्यांना ती वाटू न देणं हे आपलं काम.

६. तीन पानं दिसली की हात मागे.

तीन-तीन पानांच्या पॉयझन ओक या झुडपाचं तेल कातडीला लागलं तर आठवडे खाज जात नाही. साबण आणि गार पाणी, तेही लगेच. ब्लॅकबेरीच्या जाळ्यांसाठी जाड हातमोजे. बाकी जंगलाचं भय बाळगू नये.

७. फिरस्ती वस्तू परत येईल असं धरू नका.

ट्रॅव्हल बग म्हणजे क्रमांक कोरलेला धातूचा बिल्ला. तो एखाद्या वस्तूला बांधून डब्यात ठेवायचा. सापडेल त्याने उचलून पुढच्या डब्यात न्यायचा आणि प्रवास संकेतस्थळावर दिसत राहतो. मुलीने तिच्या भातुकलीतली पितळी कळशी बांधून पाठवली होती. इच्छा लिहिली होती, पुण्याला आजीकडे पोचवा. ती कॅलिफोर्नियातून जर्मनीला गेली. जर्मनीत हा खेळ फार जोरात आहे, तिथे ती गावोगाव फिरली आणि एक दिवस नोंदी थांबल्या. कुणाच्या खणात पडली असेल. मुलगी बरेच दिवस रोज पान उघडून बघायची. कुणी अशी वस्तू उचलली असेल आणि पुढे न्यायला जमत नसेल, तर जवळच्या डब्यात ठेवून द्या. एका ओळीची नोंद पुरते.

८. किल्ल्यांवर डबे नकोत.

सुट्टीत पुण्याला गेलो की भाचा विचारतो, “मामा, राजगडावर एक लपवूया ना?” मी दरवेळी नाही म्हणतो. संरक्षित वास्तूच्या भिंतीत, टाक्यात, देवळाच्या कोनाड्यात वस्तू ठेवायची नसते. दगड हलवून शोधणारे शंभर हात तटबंदीला परवडणारे नाहीत. अमेरिकेतही राष्ट्रीय उद्यानांत असे डबे सहसा ठेवू देत नाहीत. आणि भारतात येताना डोंगरासाठी म्हणून उपग्रहावरून संदेश धाडणारं यंत्र सोबत आणू नका. परवानगीशिवाय ते बाळगणं बेकायदा आहे.

पण भाच्याला मी दुसरी वाट दाखवली. अर्थकॅश नावाचा एक प्रकार २००४ पासून आहे, अमेरिकेच्या भूवैज्ञानिक संस्थेने सुरू केलेला. त्यात डबा नसतोच. जागेवर जायचं, खडक बघायचा, मालकाने विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं पाठवायची. कोलंबिया नदीच्या घळईत अशाच एका प्रश्नासाठी मी कड्यातले लाव्हाचे थर मोजत उभा होतो आणि पायऱ्या पायऱ्यांचा तो काळा कडा बघून सह्याद्रीत आल्यासारखं झालं. दोन्हीकडे बसाल्टच. इथला साधारण दीड-पावणेदोन कोटी वर्षांचा, आपला साडेसहा कोटींच्या आसपासचा. भाचा आता अंधेरीच्या गिल्बर्ट हिलवरच्या दगडी खांबांचे फोटो पाठवतो आणि लाव्हा निवताना असे कोन का पडतात ते मलाच समजावतो.

९. जाण्याआधी डबा कुणाला तरी देऊन जा.

मालक म्हातारे होतात, गाव सोडतात, वारतात. मालकी दुसऱ्याला देण्याची सोय आहे, पण त्याला मूळ मालकाची संमती लागते. ती घ्यायची राहून गेली की तक्रारी साठतात आणि शेवटी ते पान बंद केलं जातं. अशा कितीतरी चांगल्या जागा मी बंद होताना पाहिल्या आहेत.

आमच्या भागातल्या एका वृद्ध गृहस्थांनी मुलांजवळ राहायला जाण्याआधी त्यांची पेटी माझ्या नावावर केली. सोबत भरलेल्या जुन्या वह्यांचा गठ्ठा आणि झाकणासाठी जादा रबर दिलं. वह्या त्यांच्याच होत्या, त्या मी त्यांच्याकडे परत धाडल्या. नवी वही भरली की तीही पाठवतो, आणि त्यांचा फोन येतो. “कुठल्या देशातनं लोक आले होते या वेळी?” हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. मग मी पानं उलटत त्यांना नावं वाचून दाखवतो.